काळ्या कापडावरचा उजेड

लंडनच्या रॉयल अकॅडमीत 1867 साली एडविन लँडसीअरचं एक चित्र लागलं. काळ्या घोड्यावर काळ्या पोशाखात राणी व्हिक्टोरिया बसली आहे आणि हातातला कागद वाचते आहे. लगाम जॉन ब्राउन या स्कॉटिश सेवकाच्या हातात, आणि त्याचा पोशाखही काळाच. जमिनीवर पत्रं आणि लिफाफे पडलेले, शेजारी सरकारी कागदांची पेटी. मागे ऑस्बोर्नच्या वाड्याची गच्ची, आणि तिथल्या बाकावर हेलेना आणि लुईझ या दोन राजकन्या. पती अल्बर्टला जाऊन तेव्हा पाच वर्षं उलटली होती. चित्र बघायला गर्दी झाली आणि चेष्टाही भरपूर झाली. ब्राउनवरून कुजबुज वाढली, व्यंगपत्रांना विषय मिळाला.

मला मात्र वाटतं, लोकांना खरं खटकलं ते वेगळंच काहीतरी. त्या समाजाने दुःखाला मुदत घालून दिली होती, आणि चित्रातली बाई ती मुदत पाळायला तयार नव्हती.

ही मुदत अगदी तपशिलाने ठरलेली होती. विधवेने पहिलं वर्ष आणि वर एक दिवस संपूर्ण काळ्यात काढायचा. रेशीम-लोकरीचं निस्तेज बाँबझीन आणि त्यावर बारीक चुण्यांचं क्रेप कापड, अंगावर चमकणारं काहीही नाही. पुढचे नऊ महिने क्रेप थोडं कमी. मग तीन महिने काळं रेशीम चालायचं. शेवटचे सहा महिने राखी, फिकट जांभळा, लव्हेंडर. सगळं मिळून अडीच वर्षं. पुरुषाचं थोडक्यात भागायचं. टोपीला काळी पट्टी आणि काळे हातमोजे असले की तो कामावर जायला मोकळा. बाईच्या अंगावर मात्र अख्खं पंचांगच चढवलेलं असायचं. समोरून येणाऱ्याने कापड पाहावं आणि हिचा माणूस साधारण केव्हा गेला हे ओळखावं.

या रिवाजावर मोठा व्यापार उभा राहिला. रीजंट स्ट्रीटवर 1841 मध्ये जे नावाच्या व्यापाऱ्याचं दुखवट्याच्या कपड्यांचं भव्य दुकान निघालं. एसेक्समधल्या कोर्टोल्ड घराण्याने क्रेप विणून संपत्ती कमावली. कापडाला ती बारीक चुणी कशी पाडायची, हे गुपित ते जिवापाड जपत. व्हिटबी या समुद्रकाठच्या गावात जेट नावाचा काळा दगड मिळे. खरं तर ते कोट्यवधी वर्षं गाडलेलं लाकूडच. त्याच्या माळा, कर्णफुलं, ब्रोच घडवणारे शेकडो कारागीर त्या गावात होते. आणि त्या क्रेपचा एक दोष सगळ्यांना ठाऊक होता. पावसात भिजलं की ते रंग सोडायचं, काळे डाग मानेवर, मनगटावर उतरायचे. इंग्लंडसारख्या पावसाच्या देशात किती विधवांनी घरी येऊन ते डाग घासले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

व्यक्तिचित्र काढणाऱ्यापुढे या कापडाने वेगळीच अडचण उभी केली. त्याची निम्मी करामत कपड्यावर चालते. रेशमाची चकाकी, मखमलीची खोली, लेसची जाळी यांच्या आधाराने तो माणसाला शरीर देतो, वजन देतो. क्रेपवर उजेड पडला की तिथेच विरतो, परत येत नाही. निर्मितीच त्यासाठी. त्यामुळे चित्रकाराच्या हाती उरायचं काय, तर चेहरा, हात आणि डोक्यावरची विधवेची पांढरी टोपी. एरवी पोशाखात विखुरला गेला असता तो सगळा प्रकाश या दोनतीन जागी येऊन थांबतो. त्या काळातल्या दुखवट्यातल्या स्त्रियांची चित्रं पाहताना हे ध्यानात येतं. हात फार बोलतात. हातात लॉकेट असतं, किंवा मनगटावर गेलेल्याच्या केसांची वेणी घालून केलेलं कडं. केस लवकर कुजत नाहीत, म्हणून केस. शरीराचा तेवढाच भाग जवळ ठेवता येतो.

अशा खुणा वाचायची सवय मला घरातच लागली होती, फक्त आमच्याकडची लिपी उलटी. माझ्या आत्याचे यजमान ती तिशीत असताना गेले. तिच्यावर वैधव्याची खूण म्हणून काही चढवलेलं नव्हतं, होतं ते उतरवलं गेलं होतं. कपाळ, मनगटं, गळा. हिरवा रंग. लहानपणी मला ती 'साधी राहणारी आत्या' वाटायची. हळदीकुंकवाच्या वेळी तिला नेमकं स्वयंपाकघरात काम निघतं, हे लक्षात यायला बराच काळ जावा लागला. काकांच्या फोटोला चंदनाचा हार होता, फोटो दिवाणखान्यात दर्शनी भिंतीवर होता. आत्या मात्र घरातल्या कुठल्याही समूहफोटोत कडेला, अर्धी कुणाच्या तरी मागे. इंग्लंडमधली विधवा गजाआड होती असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही, पण ती चित्राच्या मधोमध बसू शकत होती. तिच्या दुःखाला दिसण्याचा हक्क होता. हा हक्क लहान नाही, असं आत्याकडे पाहत वाढल्यामुळे मला वाटतं.

व्हिक्टोरियाने तो हक्क पुरेपूर वापरला. अल्बर्ट 14 डिसेंबर 1861 रोजी विंडसरला वारला, वय अवघं 42. डॉक्टरांनी कारण विषमज्वर सांगितलं. पुढच्या मार्चमध्ये विल्यम बँब्रिज या छायाचित्रकाराने राजकन्यांना काळ्या कपड्यांत अल्बर्टच्या अर्धपुतळ्याभोवती बसवून फोटो काढला. 1864 मध्ये अल्बर्ट ग्रेफ्ले या चित्रकाराने राणीचं चित्र केलं, त्यातही तो संगमरवरी अर्धपुतळा तिच्या पाठीशी आहे. जिवंत माणसं काळी आणि मेलेला तेवढा पांढराशुभ्र, हे उफराटं वाटतं, पण बघणाऱ्यांना ते कोडं नव्हतं. पुतळा म्हणजे तिथे हजर असलेला गैरहजर. पलंगावर राणीच्या उशाशी अल्बर्टचा मृत्यूनंतर घेतलेला फोटो असे, ती जिथे मुक्कामाला जाई तिथे तो जाई. लँडसीअरच्या चित्राची कल्पनाही तिचीच होती. पूर्वीचं सुख एका चित्रात आणि आताचं एकटेपण दुसऱ्यात, अशी जोडी तिच्या मनात होती.

आता अडचण अशी, की रिवाज पुढे सरकतो आणि चित्र सरकत नाही. क्रेपचं रेशीम होतं, रेशमाचं लव्हेंडर होतं. 1856 मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला प्रयोग करताना अपघाताने पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला आणि तो मोव्ह रंग बघता बघता फॅशनचा झाला. अर्ध्या दुखवट्यातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीलाही त्यात मुभा मिळाली. एकेक छटा फिकी करत समाज माणसाला परत आणतो. व्यक्तिचित्र मात्र यातली एकच पायरी धरतं आणि त्या माणसाला कायमचं तिथे उभं करतं. चित्रापुरतं हे ठीकच. राणीने स्वतःचं आयुष्यच तसं करून घेतलं, चाळीस वर्षं ती पहिल्या पायरीवर थांबली. प्रजा रागावली ती म्हणून. आणि मला, खरं सांगायचं तर, दोन्ही बाजू पटतात. राज्य चालवणाऱ्या बाईने इतकी वर्षं तोंड लपवणं बरं नव्हे. पण अडीच वर्षांत संपायला हवं, हे ठरवणारं दुकान रीजंट स्ट्रीटवर होतं, हेही विसरून चालत नाही.

त्या दुःखाचा एक तुकडा मुंबईतही आहे. भायखळ्याला राणीच्या बागेतलं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मुळात व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने उभं राहिलं. पायाभरणी 1862 ची, म्हणजे अल्बर्ट गेल्यानंतर वर्षाच्या आतली, आणि दारं उघडली 1872 मध्ये. निधी जमवण्यात जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी पुढे होते. आत मॅथ्यू नोबल याने घडवलेला अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे, डेव्हिड ससून यांनी दिलेला. शाळेच्या सहली त्याच्यासमोरून जातात, मुलं वर नक्षीदार छताकडे बघतात. पुतळ्याकडे मी थोडं थांबून पाहिलं ते या चित्रांच्या नादी लागल्यावरच. एका बाईचा शोक सरकारी झाला की तो किती दूर पोचतो, आणि तिथे पोचेपर्यंत त्यातलं दुःख कसं गळून जातं, हे तिथे समजतं. उरतो तो मान.

खुणांवर शंका घेणारं एक चित्र त्याच काळात झालं, ते मला फार जवळचं. हेन्री बाउलरचं 'शंका', 1855 चं. स्मशानात एक तरुणी थडग्याच्या दगडावर कोपरं टेकून उभी आहे आणि समोरच्या उकरलेल्या मातीत पडलेल्या कवटीकडे आणि हाडांकडे बघते आहे. ही वाळली हाडं पुन्हा जिवंत होतील का, हा बायबलमधला प्रश्न चित्राच्या नावातच आहे. उत्तरंही चित्रकाराने आसपास मांडली आहेत. शेजारच्या दगडावर 'मी पुन्हा उठेन' अशा अर्थाचा लॅटिन शब्द, त्यावर अंकुरलेलं हॉर्स चेस्टनटचं बी, आणि कवटीवर बसलेलं निळं फुलपाखरू. फुलपाखरू म्हणजे आत्मा, अंकुर म्हणजे पुनरुत्थान, हे तेव्हा शाळकरी पोरालाही सांगावं लागत नव्हतं. पण ती मुलगी फुलपाखराकडे बघत नाही. तिच्या नजरेत भक्ती नाही, भीतीही नाही, निव्वळ पाहणं आहे. भूगर्भशास्त्राने पृथ्वीचं वय वाढवून ठेवलेलं ते दशक, आणि डार्विनचं पुस्तक यायला अजून चार वर्षं. चित्रकाराने सगळ्या आश्वासक खुणा रंगवल्या आणि मधोमध असा एक चेहरा ठेवला की त्यांची खात्री वाटेना. चित्र लंडनच्या टेट गॅलरीच्या संग्रहात आहे. धर्मपर म्हणून त्याला बाजूला सारणाऱ्यांनी त्या मुलीच्या डोळ्यांकडे नीट पाहिलेलं नसावं.

त्याच संग्रहात दांते गॅब्रिएल रोझेटीचं 'बेआता बेआत्रिक्स' आहे, आणि त्याच्यासमोर मला जास्तीत जास्त वेळ उभं राहावंसं वाटलं. मॉडेल त्याची पत्नी एलिझाबेथ सिडल. मिले या चित्रकाराच्या चित्रात पाण्यावर तरंगणारी ऑफेलिया तीच. 1861 मध्ये त्यांना मृत मुलगी झाली. 11 फेब्रुवारी 1862 च्या पहाटे एलिझाबेथ लॉडनमने गेली. लॉडनम म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली अफू, तेव्हा औषधांच्या दुकानात सहज मिळायची. चौकशीत अपघात ठरला. रोझेटीने आपल्या कवितांचं एकमेव हस्तलिखित तिच्या शवपेटीत ठेवलं आणि हायगेटच्या दफनभूमीत ती पेटी पुरली.

चित्रावर त्याने जोमाने काम केलं ते पुढे, 1864 पासून 1870 पर्यंत. वरवर ते इटालियन कवी दांतेच्या प्रिय बेआत्रिचेचं चित्र. ती डोळे मिटून बसली आहे, मान वर उचललेली, ओठ किंचित विलग. मागे धुक्यात फ्लॉरेन्सचा जुना पूल, एका बाजूला दांते, दुसऱ्या बाजूला हातात पेटतं हृदय घेतलेली प्रेमदेवता. छायायंत्राची सावली नऊवर आहे, कारण बेआत्रिचे गेली ती 9 जूनला, दिवसाच्या नवव्या तासाला. तारीख चौकटीवर कोरली आहे, सन 1290. इथपर्यंत सगळं वाङ्मयीन. मग डोळा खाली उतरतो. एक पक्षी तिच्या उघड्या ओंजळीत फूल टाकतो आहे. पवित्र आत्म्याचं कबूतर एरवी पांढरं असतं, इथे ते लाल आहे. आणि खसखशीचं फूल, जे आपण लाल म्हणून कल्पितो, ते पांढरं. पांढरी खसखस अफूची. म्हणजे त्या पक्ष्याच्या चोचीतून तिच्या हातात पडतं आहे ते तिचं मरण, त्याच्या खऱ्या औषधी नावानिशी.

रोझेटी स्वतः म्हणत असे की हा मृत्यू नव्हे, ही समाधी आहे, दुसऱ्या जगात एकाएकी ओढलं जाणं आहे. त्याला तसं म्हणणं भाग असावं. पण त्या फुलाचा रंग निवडताना तो स्वतःशी खोटं बोलला नाही. चौकशी करणाऱ्यांसमोर, मित्रांसमोर, कदाचित रात्री अंथरुणातही जे उच्चारता आलं नसेल ते त्याने चिन्हाच्या आडोशाने सगळ्या जगासमोर मांडलं. चिन्हांना नटवेगिरी म्हणून उडवून लावणारे मला भेटतात तेव्हा मी त्यांना हे फूल सांगतो. जे थेट बोलता येत नाही पण गिळूनही टाकता येत नाही, त्याला बाहेर यायला ही एक वाट होती. खूण वाचता येणाऱ्यांना कळेल, बाकीचे सुंदर चित्र म्हणून पुढे जातील, एवढी सोय त्यात होती.

पुढचा भाग सांगायला मन धजत नाही, तरी सांगायला हवा. ऑक्टोबर 1869 मध्ये रोझेटीच्या संमतीने रात्री ती कबर उघडली गेली आणि कवितांची वही बाहेर काढली. तो स्वतः तिथे गेला नाही. पुढच्या वर्षी त्या कविता छापल्या. चित्राच्या प्रतींनाही मागणी आली, आणि त्याने त्या केल्या. विल्यम ग्रॅहम या संग्राहकासाठी 1872 मध्ये केलेली प्रत आज शिकागोत आहे. तिच्या खालच्या पट्टीत दांते आणि बेआत्रिचे यांची स्वर्गातली भेट आहे, मूळ चित्रात नसलेली. मला ती पट्टी गिऱ्हाइकाची समजूत घातल्यासारखी वाटते. मूळ चित्र समजूत घालत नाही. ते 1889 मध्ये लेडी माउंट टेंपल या विधवेने पतीच्या स्मरणार्थ देशाला दिलं. एकाचा शोक दुसरीने आपल्या शोकासाठी वापरला, आणि चित्र त्याला पुरलं.

कधी खूण अशी चालून येते की चित्रकारालाही तिची कल्पना नसते. फोर्ड मॅडॉक्स ब्राउनच्या 'वर्क' या प्रचंड चित्रात रस्ता खणणाऱ्या मजुरांच्या पुढे फाटक्या कपड्यांतली पोरं आहेत. थोरली बहीण धाकट्यांना सांभाळते, तिच्या खांद्यावरचं बाळ थेट आपल्याकडे बघतं, आणि त्याच्या दंडाला काळी फीत आहे. आई गेल्याची खूण. क्रेपचा तोटा असलेल्या घरात तेवढीच परवडली. त्या बाळासाठी ब्राउनने स्वतःचा मुलगा आर्थर बसवला होता. 1857 च्या जुलैमध्ये, दहा महिन्यांचा असताना, आर्थर गेला. चित्र त्यानंतरही बरीच वर्षं चाललं, आणि ते पोर रोज बापाकडे बघत राहिलं.

विल्यम होल्मन हंटची गोष्टही अशीच. पूर्वेकडे निघालेला तो आणि त्याची पत्नी फॅनी साथीच्या नाकेबंदीमुळे फ्लॉरेन्समध्ये अडकले. तिथेच तिला मुलगा झाला आणि डिसेंबर 1866 मध्ये ती वारली. लंडनमध्ये सुरू केलेलं तिचं चित्र त्याने ती गेल्यावर पुरं केलं, तिचं थडगंही स्वतः घडवलं. पुढे 1875 मध्ये तिच्याच बहिणीशी, ईडिथशी, त्याने स्वित्झर्लंडमध्ये जाऊन लग्न केलं, कारण मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न इंग्लंडच्या कायद्याला मंजूर नव्हतं. कायदा बदलला 1907 मध्ये. दुखवटा किती दिवस, हे कपड्याने सांगायचं आणि त्यानंतर मन कुणाकडे वळवायचं, हे कायद्याने.

या साऱ्या काळ्या थाटाला उघड विरोध करणारा त्या काळचा सर्वांत मोठा माणूस चार्ल्स डिकन्स. अंत्ययात्रेच्या धंद्याची त्याने आयुष्यभर टर उडवली आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं की आपल्या दफनाला येणाऱ्यांनी गळपट्टे, झगे, काळे बो, टोपीच्या लांब पट्ट्या यांपैकी काहीही घालू नये. 9 जून 1870 रोजी तो गेला. दुसऱ्या दिवशी मिले त्याच्या घरी पोचला आणि पेन्सिलीने त्याचा चेहरा काढला. हनुवटी खाली येऊ नये म्हणून बांधलेली पट्टी, बसलेले गाल, दाढी. फूल नाही, पुतळा नाही, विझलेली मेणबत्ती नाही. ते रेखाटन मिलेने डिकन्सची मुलगी केट हिला दिलं. त्याआधी दहा वर्षं 'द ब्लॅक ब्रन्सविकर' या मिलेच्या चित्रासाठी तीच मॉडेल म्हणून उभी राहिली होती. त्यात काळ्या गणवेशातला सैनिक लढाईला निघतो आणि मुलगी त्याला दारात अडवते. सैनिकाचा मॉडेल आणि केट कधी एकत्र उभे राहिलेच नाहीत. मर्यादा म्हणून केटने लाकडी पुतळ्याला टेकून ती मिठी दिली. नाटकी निरोपापासून बापाच्या चेहऱ्यापर्यंत एकच चित्रकार तिच्यासोबत होता.

डिकन्सचं ते रेखाटन आज लंडनमध्ये डाउटी स्ट्रीटवरच्या त्याच्या संग्रहालयात आहे. खुणांशिवाय शोक कसा काढावा याचा तो नमुना आहे आणि त्याच्या प्रामाणिकपणापुढे मी वाकतो. तरी दोहोंतलं एकच पुन्हा बघायची संधी मिळाली तर मी टेटकडे वळेन. मिलेच्या कागदावर कोण गेलं ते दिसतं. रोझेटीच्या त्या पांढऱ्या फुलात, जो मागे राहिला त्याचं काय झालं ते दिसतं, आणि माझ्या आत्याविषयी हा दुसरा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारला नव्हता.